पोटातलं शिसं

मी शिडाची होडी आहे, मित्रांनो. जुनी, आणि आता दमलेली. तोंडवलीच्या खाडीकाठी केवड्याच्या बनाजवळ आडवी पडून असते. आडवी म्हणजे अगदी कुशीवर. का, ते सांगते. घाई नाही ना तुम्हाला? मला तर कसलीच नाही.

माझ्या अंगात लाकूड नावाला. साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, वर चिकट रस ओतायचा, तो वाळला की पुन्हा कापड, पुन्हा रस. अशी थरावर थर मी दूरदेशी घडले. कुठे खिळा नाही, सांधा नाही. लहानशीच, पण आत दोन माणसं निजतील एवढी खोली. लाकडाची म्हणाल तर एक उंच डोलकाठी. आणि पोटाखाली, पाण्यात, खोल कणा, त्यात ठासून भरलेलं शिसं.

रेडी बंदरात खाणीच्या कामाला आलेल्या एका परदेशी साहेबाने मला आगबोटीवरून उतरवलं. तोंडवलीचा काशीराम त्याच्याकडे कामाला होता, मला धुणं-पुसणं तोच बघायचा. साहेब मायदेशी निघाला तेव्हा म्हणाला, तूच घे ही. काशीरामने मला शिडावर गावी आणलं.

गाव सगळं किनाऱ्यावर. कोणी अंगावर टकटक करून बघतोय, कोणी वास घेतोय. काशीरामची बायको चंद्रावती डोक्यावर मासळीची टोपली घेऊन आली आणि बघतच राहिली.

"अवो, ही होडी म्हणतात तुमी? ही तर चिनी मातीची बशी! बशीत बसान दर्यार जातलात?"

तिचा भाऊ बाबली खाली वाकून शोधत होता. "भावजी, हिची उलांडी खंय आसा?"

आमच्या किनाऱ्यावर होडी उलटू नये म्हणून बाजूला एक लाकूड आडवं बांधतात, ती उलांडी.

"हिची उलांडी पोटात आसा," काशीराम म्हणाला.

"पोटात पोर आसता, उलांडी नाय!" चंद्रावती म्हणाली, आणि सगळा किनारा हसला. मीही हसले असते, पण नवखी होते.

बाकीच्या होड्या संध्याकाळी वाळूवर ओढून घ्यायचे. मला तो खोल कणा, मी कशी वाळूवर बसणार? रात्रंदिवस खाडीत उभी. ओहोटीला काशीराम छातीभर पाण्यात येऊन माझ्या अंगावरचे शिंपले खरवडायचा. लाकडी होडीला चोळतात तसं माशाचं तेल मलाही चोळायचा. ते माझ्यात कुठलं मुरणार? "पियना नाय गो तू कायच," म्हणून कुरकुरायचा, आणि पुन्हा चोळायचा.

एकदा मिरगाच्या थोडं आधी काशीराम आणि बाबली मालवणला सुकी मासळी घालून परत येत होते. मागून काळा ढग आला आणि वाऱ्याने शिडाच्या थोबाडीत मारली. मी पार आडवी. शीड पाण्यात, बाबली दोरीला लटकून धामापूरच्या भगवतीला हाका मारतोय. मग पोटातल्या शिशाने कणा खाली ओढला, तशी मी वर उठले. सावकाश, पाणी निथळत, पण उठले. बाबलीने देवीला नारळ दिला. काशीरामने माझ्या पाठीवर हात ठेवला. "जड आसस म्हणान जगलाव गो आमी."

पुढच्या वर्षीच्या वादळात त्याची जाळी वाहून गेली. चंद्रावतीने नवं जाळं विणलं. पण जाळं पाण्यात खाली बसायला तळाच्या दोरीला शिसं लागतं, आणि त्या साली बाजारात शिसंच मिळेना. नारळी पुनव झाली. बाकीच्या होड्या दर्यात गेल्या, काशीरामचं जाळं वाशाला टांगलेलं.

"चूल पेटना नाय," चंद्रावती काठावरून म्हणाली, "आनी हिच्या पोटात शिसां सांभाळून ठेवलात?"

"त्या शिशानच तुझो भाऊ जितो परत इलो गो."

"इलो. आता त्येका जेवक काय घालू, ता सांगा."

दुसऱ्या दिवशी काशीराम छिन्नी घेऊन आला, माझ्या खोलीतली तळाचं झाकण उचललं आणि शिसं फोडून काढलं. मध्येच थांबून तोंड पुसायचा. घाम होता की काय, मी विचारलं नाही.

शिसं वितळलं, जाळं बुडलं, मासळी आली. मी मात्र पाण्यावर भोपळ्यासारखी. आणि गंमत बघा, आयुष्यात सगळ्यात जास्त कौतुक माझं तेव्हाच झालं!

"बघ गो ताये, कशी नाचता!" बाबली म्हणाला. "पयल्यापरास हलकी झाली."

काशीराम शेजाऱ्याच्या होडीतून जाळ्यावर गेला होता. बाबलीने बहिणीला आणि तिच्या दोन शेजारणींना टोपल्यांसकट माझ्यात बसवलं आणि मालवणला जायला शीड चढवलं. साधी झुळूक आली, तशी मी कलंडले. माझ्या काठावरून पाणी आत. बायका हसल्या. मला आवरता येईना मित्रांनो, आत धरायला काही उरलंच नव्हतं.

"बाबल्या, शीड सोड!" जाळ्यावरून परतलेला काशीराम गळाभर पाण्यातून येत होता. सगळ्यांना त्याने एकेक करून उतरवलं. मग घरून करवत मागवली.

"भावजी, वेडे झालात? डोलकाठी कापतात? बाजूक उलांडी बांधूया हवी तर!"

"येवढ्या उंच काठयेक खंयची उलांडी पुरतली रे? वजन मिया काढलंय. आता शीड ठेवन कोणाक मारू?"

बाबली रागाने निघून गेला. चंद्रावती मात्र परत पाण्यात शिरली. करवत अडकू नये म्हणून तिने डोलकाठी दोन्ही हातांनी धरून ठेवली, पडेपर्यंत.

भरतीला दोघांनी मला ओढून इथे आणलं; पाणी ओसरलं, आणि खोल कण्यामुळे मी कुशीवर कलले. ती डोलकाठी अंगणातल्या मांडवाला खांब म्हणून लागली.

मित्रांनो, एवढंच मागते. घरची चूल पेटायची असेल तर होडीचं पोट खुशाल चिरा. त्या शिशावर माणसं जेवली, मला राग नाही. पण मग तिला पूर्वीसारखी धाव म्हणू नका. तिचं शीड उतरवा, वाळूत घ्या, आणि निजू द्या.