लोवेलच्या वहीतला आकडा

शेडच्या भिंतीवरचा माप घ्यायचा कॅलिपर वर्ना टॉफ्टने उतरवला. लोवेलच्या अंगठ्याने त्याचा दांडा झिजून चकचकीत झाला होता. एप्रिलमध्ये नवरा गेला, चकाकी तेवढी मागे राहिली.

नदीकाठच्या घळींत एल्क हरीण मारायचा परवाना मिळावा म्हणून दोघांनी अठरा वर्षं अर्ज केले. दर जूनमध्ये नकार यायचा आणि लोवेल तो कागद स्टोव्हमध्ये घालायचा. या जूनमध्ये परवाना आला, तो एकट्या वर्नाच्या नावाने. शनिवारी हंगाम उघडणार होता. तिला लोवेलच्याच रायफलीने, याच शेडमध्ये हाताने भरलेल्या काडतुसाने, एका गोळीत जनावर पाडायचं होतं. जखमी जनावर घळीत तडफडत सोडून आलेला माणूस टॉफ्टांच्या घरात आजवर झाला नव्हता, आणि पहिला मान तिला नको होता.

पण काडतुसं भरायचा तो लोवेल. ती शेजारी बसून काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पुसायची, कॉफी ओतायची. पाहून पाहून सगळं ठाऊक झालेलं, हातून मात्र काहीच झालेलं नव्हतं.

वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर आकडा होता: पुंगळीच्या बुडापासून, गोळी जिथे निमुळती व्हायला लागते त्या खांद्यापर्यंत माप किती भरायला हवं, म्हणजे गोळी किती खोल बसवायची. टोकापासून मोजायचं नाही, लोवेल म्हणायचा, टोकं कधी सारखी नसतात, खांदे खोटं बोलत नाहीत. आकड्याखाली दोन रेघा आणि त्याचं तिरकं अक्षर: ‘जमलं. आता हात लावायचा नाही.’

तिने हात लावला नाही. तीच दारू, तीच गोळी, तोच आकडा. बुधवारी दुपारी कुरणाच्या टोकाला पुठ्ठा लावून तिने तीन बार काढले. लोवेलचा थोरला भाऊ एमेट दुर्बिणीला डोळा लावून बसला होता.

“एक उत्तरेला गेली,” तो म्हणाला, “एक दक्षिणेला. तिसरी बहुतेक चर्चला गेली असावी.”

“गंमत पुरे. किती अंतर?”

“तळहाताएवढं. तुझा हात हलतोय, वर्ना.”

“माझा हात हलतो तेव्हा कॉफी सांडते. सांडली का तुझ्यावर?”

“नाही.”

“मग गप्प पी.”

एमेटने दोन घोट घेतले. “मग आकडा बदल.”

“त्याने लिहिलंय, हात लावायचा नाही.”

“स्वयंपाकघराच्या दारावरही लिहिलं होतं त्याने, रंग ओला आहे म्हणून. तेरा वर्षं झाली. अजून अंग चोरूनच आत येतेस का?”

ती हसली नाही. तो आकडा खोडणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा पुरणं, असं काहीसं तिच्या मनात होतं. पण असलं बोलणं टॉफ्टांच्यात कुणी तोंडावर आणत नसे.

गुरुवारी सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं होतं. वर्ना शेडमध्ये वही उघडून बसली आणि उगाच मागची पानं चाळू लागली. तीन वर्षांपूर्वीचं ते पान. त्याच्या आधीच्या वर्षीचं पान. त्याच्याही आधीचं. प्रत्येक शरदात एक आकडा, आधीच्यापेक्षा केसभर मोठा. आणि प्रत्येक आकड्याखाली, दर वर्षी, दोन रेघा मारून: ‘जमलं. आता हात लावायचा नाही.’

“अरे लबाडा,” ती मोठ्याने म्हणाली, आणि एप्रिलनंतर पहिल्यांदा पोट धरून हसली.

बार निघतो तशी आग नळीचा गळा चाटते. जिथे नळीतले पिळाचे आटे सुरू होतात ती कड दर बाराला केसाकेसाने पुढे सरते, आणि काडतुसातल्या गोळीला तिच्यामागे चालावं लागतं. लोवेल दर वर्षी चालला होता. मग अंथरूण धरलं आणि वही थांबली. पण रायफल थांबली नव्हती. त्याला बाराचा आवाज ऐकायला आवडे, म्हणून दोन उन्हाळे वर्ना त्याच्या खिडकीखालीच नेम धरत राहिली होती. तो उशीला टेकून बोटांवर बार मोजायचा. नळीचा गळा झिजला होता तो तिच्याच हातून, त्याच्याचसाठी.

तिने एका रिकाम्या पुंगळीची मान करवतीने चिरली, त्या चिरलेल्या मानेत गोळी सैल, बरीच बाहेर राहील अशी बसवली आणि नळी मागून बंद करणारा बोल्ट हलकेच लोटला. आट्यांनी गोळीला जितकी आत ढकलायची तितकी ढकलली. पुंगळी अलगद काढून तिने माप घेतलं. पुन्हा घेतलं. तीनदा तेच. वहीतल्या मापाशी ताडून पाहिलं, तर आटे दोन पोस्टकार्डांच्या जाडीने पुढे गेले होते.

“मग टेकवून टाक आट्यांना,” दारातून एमेट म्हणाला. तो आपला मुरंबा-पाव घेऊनच आला होता. “टेकलेली गोळी सरळ निघते.”

“आणि संध्याकाळी बंदूक रिकामी करताना? त्या वर्षीचं विसरलास?”

एमेटला हसू फुटलं. त्या वर्षी डोंगरावरच्या शिकारीत लोवेलने हट्टाने गोळी आट्यांत रुतवली होती. संध्याकाळी गाडीपाशी बोल्ट ओढला तर पुंगळी आली, गोळी नळीतच राहिली आणि सगळी दारू काळ्या तिळासारखी बोल्टमध्ये सांडली. समोरच्या कड्यावर एल्क बोंबलत होता, आणि लोवेल बुटांच्या नाड्यांतून दारू झटकत होता.

“शिवाय टेकवली की दाब चढतो,” वर्ना म्हणाली. “लोवेल नंतर नेहमी मध्ये जागा ठेवायचा. तेवढीच मीही ठेवणार. गोळीला उडी मारायला अंगण हवं.”

कड जितकी पुढे सरली होती तितकीच तिने गोळी बाहेर ठेवली, ना जास्त ना कमी. काडतूस मॅगझिनमध्ये सुखाने मावतं का ते पाहिलं. दुपारी तीन बार झाले. एमेट पुठ्ठ्यापर्यंत चालत गेला, खिशातून पाव डॉलरचं नाणं काढून भोकांवर ठेवलं, आणि तिन्ही झाकली गेली. मग त्याने पुठ्ठा उतरवून वर्नाला आणून दिला.

शनिवारी दिवसभर नुसता वारा. अंधार पडायच्या आत गाडीपाशी येऊन वर्ना बंदूक रिकामी करू लागली, तर एमेटने खाली आपली टोपी धरली.

“हे काय?”

“दारू गोळा करायला. तू टॉफ्टांची सून ना?”

बोल्ट मागे आला. टोपीत काडतूस पडलं. अख्खं.

रविवारी उजाडताना घळीच्या पलीकडे नर उभा राहिला, शिंगांवर दहिवर घेऊन. वर्नाने श्वास अर्धा सोडला. एकच बार. एल्क दोन पावलं चालला, गुडघे टेकले आणि झोपावं तसा कलंडला. घळीत आवाज फिरत फिरत विझला. तिच्या मनात आलं, खिडकीतल्या माणसाने आता एक बोट मिटलं असेल.

घरी येऊन हात धुतल्यावर तिने वही उघडली. त्याच्या आकड्याखाली आपला आकडा लिहिला, आणि दोन रेघा मारून पुढे लिहिलं:

‘जमलं. पुढच्या वर्षी पुन्हा मोजायचं.’