थाप न मारता

हॉल गच्च भरला होता. गुरुजींनी मान पकडीत दाबून बेशुद्ध केलेला एक धडधाकट तरुण मॅटवर पडला होता आणि ते त्याच्याभोवती सावकाश फिरत होते. "प्राण उंबरठ्यावर आहे," ते म्हणाले. "शेकडो वर्षांची जपानी जुजुत्सू विद्या त्याला हाक मारते आहे." मग पाठीवर एक थाप, एक हुंकार, आणि तरुण डोळे चोळत उठून बसला. टाळ्यांनी कान किटले.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझं काम घड्याळाचं. लढतीत वेळ मोजायची, घंटा द्यायची. सवयीनं मी गुरुजींचे चमत्कारही मोजले होते, आतापर्यंत सोळा. पकड सोडल्यापासून थापेपर्यंत दर वेळी दहा-बारा सेकंद जात. तेवढ्यात गुरुजी कमरेचा पट्टा सावरत आणि उंबरठ्याचं पुराण लावत. माणूस मरणाच्या दारात, आणि यांना घाई म्हणून नाही.

मागच्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीला लढतीत जबड्यावर ठोसा बसला आणि ती आडवी झाली. गुरुजींनी तिलाही थाप मारून 'उठवलं'. लढतींच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, तीन महिने लढायचं नाही. गुरुजी म्हणाले, मी उठवलेल्याला कागद लागत नाही. तिनं रविवारच्या लढतीला होकार देऊन टाकला. मी रडले नाही, भांडलेही नाही. त्या ठोशापासून आत सगळं बधिर झालं होतं. जेवणाला चव नव्हती आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

"आता कोण?" गुरुजींनी विचारलं. मी घड्याळ शेजारी बसलेल्या बहिणीच्या हातात ठेवलं आणि मॅटवर गेले. पकड तुमची, म्हटलं, पण उठवायचं नाही.

गुरुजी हसले. "मग तुम्हाला परत कोण आणणार?"

एवढ्या लोकांसमोर त्यांना माघार घेता येईना. प्रेक्षकांत बसलेले लढतींचे डॉक्टर 'हा शुद्ध मूर्खपणा आहे' असं पुटपुटत माझ्याजवळ येऊन बसले.

पकड मात्र अस्सल होती. मान त्यांच्या कोपराच्या बेचक्यात गेली आणि हॉल दूर गेला. मला भीतीसुद्धा वाटली नाही.

पुढचं बहिणीनं सांगितलं. गुरुजींचा हात थापेसाठी पुढं आला, तो डॉक्टरांनी मनगटाशी धरला. तेव्हा तीच ओरडली, "गुरुजी, उठवा ना तिला!" डॉक्टरांनी हात सोडला नाही.

मी डोळे उघडले तेव्हा ती समोर गुडघ्यांवर बसली होती. पकड सुटून अकरा सेकंद झाले होते.

डॉक्टरांनी सगळ्यांना समजावलं. या पकडीनं मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, मेंदूला रक्त कमी पडतं आणि शुद्ध जाते. वेळेत सोडलं की माणूस आपोआप जागा होतो. ठोसे आणि पकडी दोन्ही चालणाऱ्या आजच्या मिश्र लढतींत जुन्या जुजुत्सूची हीच पकड सामने जिंकून देते. ती विद्या खरी, थाप खोटी. "ठोशाचं वेगळं असतं," ते म्हणाले. "त्यात मेंदूला इजा होते. उठून बसला म्हणजे बरा झाला असं नाही. आणि हे घरी कुणी करून पाहू नका."

गुरुजी म्हणाले, नुसती माझी नजर पडली म्हणून ती उठली. पहिल्या रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या.

बहिणीनं घड्याळ परत दिलं. "ताई, तो कागद कुठं आहे?"

माझ्याच पिशवीत होता. तिनं तो दोनदा वाचला आणि रविवारी येत नाही म्हणून फोन केला. तेव्हा कुठं माझी मान दुखायला लागली, आणि दुखतंय याचंच मला बरं वाटलं.

चमत्काराला टाळ्या खुशाल वाजवा. आधी एकदा थाप न मारता काय होतं, तेवढं मात्र पाहा.