बागेच्या कामाची गाडी

करी रोडच्या त्या टॉवरमधली बाग बकुळाताई सांभाळायच्या. माती, शेणखत आणि पालापाचोळा वाहून कंबरेचा काटा ढिला झाला, तेव्हा त्यांनी सोसायटीच्या कमिटीकडे बॅटरीवर चालणारी एक स्वस्तातली छोटी गाडी मागितली. मग मीटिंगांवर मीटिंगा झाल्या. कुणाला त्या गाडीत गणपती मावायला हवा होता, कुणाला दवाखान्यात न्यायची सासू. बकुळाताईंचं डोकं फिरलं.

"अहो, मला खत वाहायचंय, वरात नाही काढायची."

शेवटी सगळ्यांच्या पसंतीची ऐसपैस गाडी आली. पार्किंगमधून आपली कार हलवायला मात्र कुणीच तयार होईना.

"टेन्शन नको, ताई," सेक्रेटरी यतीन म्हणाला. "बाग काढून तिथे फरशी घालतोय. तुमची गाडी मस्त उभी राहील."