दगडीचा लेप

सिद्धम्माच्या लेपाचं आसपासच्या चार गावांत नाव होतं. म्हशीची कास सुजून टणक झाली, सडातून दुधाच्या जागी पिवळं पाणी यायला लागलं, म्हणजे दगडी आली, की माणसं उदगीरच्या डॉक्टरकडं जायच्या आधी तिच्या ओट्यावर येऊन बसायची. ती कोरफड, हळद आणि चुना पाट्यावर वाटायची, कासेला हात लावून "अजून उशीर झाला न्हाई" असं म्हणायची, आणि बऱ्याच म्हशी खरंच बऱ्या व्हायच्या. त्यामुळं घरच्या रंगी कुत्रीच्या मागच्या थानाला सूज आली तेव्हा कुणी कुणाला विचारलंच नाही. सिद्धम्मानं पाटा धुतला.

रंगी बाळंत होऊन अकरा दिवस झाले होते. गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्यावर तिची पाच पिल्लं होती. सून पुनम रोज सकाळी पोरीला पाजून झालं की रंगीसाठी भाकरी कुस्करून न्यायची. पुनमची पोरगी चार महिन्यांची. पहिल्या महिन्यात पुनमच्या उजव्या अंगाला दुधाची गाठ आली होती, ताप भरला होता, ब्लाउजचं कापड लागलं तरी जीव जायचा. रंगी पिल्लांना जवळ येऊ देईना, उठून दुसरीकडं जाऊन बसायला लागली, तेव्हा बाकी कुणाच्या आधी तिचं दुखणं म्हणूनच पुनमला कळलं.

"आत्याबाई, ती लेप चाटून राहिली," दुसऱ्या दिवशी पुनम म्हणाली. "चुना पोटात जाईल तिच्या. पिल्लांच्याही तोंडाला लागून राहिला."

"चाटून राहिली म्हणं," सिद्धम्मा चुलीकडं बघत म्हणाली. "हदगावला कुत्र्याचा दवाखाना काढला होता का तुझ्या बापानं?"

"म्हशीची मान तिथपर्यंत जात न्हाई. हिची जाते."

"जनावर ते जनावर. मला नको शिकवू."

तिसऱ्या दिवशी एक पिल्लू मेलं. थान जांभळं होतं ते काळं पडलं, आणि गोठ्यात असा वास सुटला की म्हशी दावं ताणून उभ्या राहिल्या. रंगी मान टाकून पडली होती. तिच्या ओठांवर चट्टे उठले होते. पुनमनं हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं.

सिद्धम्मानं दारातूनच बघितलं. पोराला हाक मारून म्हणाली, "सिद्धलिंग, हे सगळं पोत्यात घाल आन् कॅनॉलकडं सोडून ये. घरात तान्हं लेकरू हाय. आन् ही बया तिच्या अंगाला हात लावायली. दगडीच्या अंगाला पाजत्या बाईनं हात लावला की तिचं दूध नासतंय."

सिद्धलिंग पोतं शोधायला लागला.

"पोतं ठेवा," पुनम म्हणाली. "गाडी काढा. उदगीरला न्यायचंय तिला."

"कुत्रीला? गाडीवर?" सिद्धलिंग हसला. "लोकं काय म्हणतील?"

"मग मी पायी जाते. कडेवर पोरगी, डोक्यावर कुत्री. सडकंनं जाते, चौकातनं. बघू लोकं काय म्हणतात."

ती जाईल हे त्याला ठाऊक होतं. लग्नानंतरच्या दोन वर्षांत एवढं तरी त्याला कळलं होतं. त्यानं पोतं खाली टाकलं आणि टमाट्याचा रिकामा क्रेट मोटारसायकलला बांधायला घेतला. दोरी इतकी करकचून ओढली की क्रेटची एक कड तडकली.

"पोरगी इथंच राहील," सिद्धम्मा म्हणाली आणि बाळाला पुनमच्या हातातून काढून घेतलं. "जा तू. तुला कुत्रीची लेकरं प्यारी हायत तर जा."

पुनमनं चारी पिल्लं जुन्या ओढणीत बांधून छातीशी धरली. उदगीरपर्यंतचे बारा किलोमीटर सिद्धलिंगनं गाडी दामटली. खड्डा आला की मुद्दाम वेग कमी करायचा नाही. क्रेटमधून रंगी कण्हायची आणि पुनम मागं हात नेऊन तिच्या कपाळावर ठेवायची.

डॉक्टर सुमय्या वयानं पुनमएवढीच असेल. तिनं रंगीला टेबलावर घेतलं, काळ्या थानावरची पिवळी पापडी नखानं खरवडली आणि मान वर केली.

"चुना कुणी लावला?"

पुनमनं नवऱ्याकडं बघितलं. सिद्धलिंग भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता.

"हिनं," तो म्हणाला.

पुनम त्याच्याकडं वळली. पण टेबलावर रंगीचं पोट भात्यासारखं खालीवर होत होतं. भांडायला घ्यावं तर डॉक्टरचा हात थांबणार.

"हाव, मीच," ती म्हणाली. "तुमी आधी तिचं बघा."

"शिकलेल्या दिसता, आणि हे उद्योग करता," सुमय्या म्हणाली. तिनं सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. "म्हशीच्या जाड कातडीवर चालतं तेवढं कुत्रीवर चालत नाही. ही चाटते, कातडी जळते, आणि आतला पू आतच राहतो. सूज दिसली त्याच दिवशी गरम फडक्यानं शेकून, खराब दूध पिळून काढून इकडं आणायला हवं होतं. आता आतलं मांस मेलंय. मेलेलं कापून जखम उघडी ठेवावी लागेल. तरी जगेल असं मी सांगत नाही."

भूल दिली. सिद्धलिंग बाहेर जाऊन उभा राहिला. पुनम आतच थांबली. कापलेल्या मांसाचा वास नाकात गेला, ओढणीतली पिल्लं किंचाळायला लागली, आणि त्या आवाजासरशी तिचा पान्हा सुटला. ब्लाउज भिजला. घरी पोरगी आता उठली असेल, मूठ चोखत असेल. पुनम रंगीचा पाय धरून उभी राहिली.

निघताना सुमय्यानं बिनसुईची सिरिंज तिच्या हातात दिली. "पिल्लांना सध्या आईचं नको. दर तीन तासांनी वरचं दूध, कोमट. पाजून झालं की ओल्या कापसानं खालून पुसायचं, नाहीतर त्यांना मुतता येत नाही. जखम रोज मिठाच्या पाण्यानं धुवायची. आणि आईच्या गळ्यात हे घाला." तिनं प्लास्टिकचा मोठा गळपट्टा दिला. "आता काही चाटू द्यायचं नाही."

घरी पोचायला अडीच वाजले. सिद्धम्मा उंबऱ्यात बसली होती. मांडीवर पोरगी रडून रडून लाल झाली होती.

"चमच्यानं तरी पाजायचं होतं काही," पुनम म्हणाली.

"आई जित्ती असताना वरचं काऊन पाजू?" सिद्धम्मानं पुनमचीच हदगावची बोली तिच्यावर उलटवली. "थांब. तसंच घेऊ नको. दगडीला हात लावून आलीस. पहिलं दूध भिंतीवर पिळ, मग लेकराला लाव. आमच्या घरात असंच असतंय."

"पिल्लांना वाटीभर दूध पाहिजे आधी. म्हशीचं."

"माझ्या म्हशीचं दूध कुत्र्याला जाणार न्हाई."

पुनमनं न्हाणीत जाऊन कोपरापर्यंत हात साबणानं घासले, आतून पितळी वाटी आणली आणि ओट्यावर भिंतीकडं तोंड करून बसली. सहा तासांचं दूध होतं, अंग दगड झालेलं. बोटं लावताच धार लागली. भिंतीवर एक थेंब पडला नाही. सगळं वाटीत.

वाटी बाजूला ठेवून तिनं पोरीला ओढूनच घेतलं आणि दुसऱ्या बाजूला लावलं. पोरगी हुंदके देत देत पिऊ लागली. पुनमनं मोकळ्या हातानं सिरिंज भरली आणि ओढणीतलं पहिलं पिल्लू मांडीवर घेतलं.

"काय करायलीस तू?" सिद्धम्माचा आवाज खाली आला होता.

"तुमीच सांगितलं न्हवं, हे पोरीला द्यायचं न्हाई म्हणून. वाया कशाला घालू?"

सिद्धलिंग गाडी लावून आला होता, तो तसाच माघारी फिरला.

"आजपासनं माझ्या चुलीला शिवू नको," सिद्धम्मा म्हणाली.

"बरं," पुनम म्हणाली आणि दुसरं पिल्लू घेतलं.

दहा दिवस दोन चुली पेटल्या. पुनम गोठ्यातच विटा मांडून भाकरी करायची. रंगीच्या जखमेतून उरलेलं काळं सगळं गळून पडलं, खाली लालभडक मांस आलं. एके सकाळी तिनं गळपट्ट्यासकट उठून म्हशीच्या पेंडीच्या पाटीत तोंड घातलं. सिद्धम्मानं ते बघितलं, पाटी उचलून वर ठेवली आणि शिवी दिली. पण हाकललं नाही.

त्याच दुपारी शेजारची रत्नम्मा आली. तिच्या गाईला दगडी आली होती. सिद्धम्मानं पाटा धुतला, कोरफड सोलली, हळद घातली. चुन्याच्या डबीपाशी तिचा हात थोडा थांबला. मग तिनं नखावर मावेल एवढाच चुना घातला.

"आधी दूध पिळून काढ सगळं," ती लेप पानात बांधत म्हणाली. "वासरू लांब बांध. गाईला चाटू देऊ नको. आन् उद्यापर्यंत सूज उतरली न्हाई तर माझ्याकडं येऊ नको, सरळ उदगीरला ने."

"आजपर्यंत तर असं कधी सांगितलं न्हाई तुमी," रत्नम्मा म्हणाली.

"आज सांगायलेय."

पुनम गोठ्याच्या दारात मिठाच्या पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. सिद्धम्माची नजर तिच्यावर गेली.

"तू काय कान देऊन उभी राहिलीस? लेकरू उठलंय तुझं. पाज जा."

पुनमनं भांडं खाली ठेवलं. आत जाताना तिनं सासूच्या पाट्याकडं बघितलं नाही, आणि सासूनंही तिच्याकडं बघितलं नाही.