शिवणीतली माया

थोरल्या बहिणीला एक जन्मजात खोड होती. समोरच्याच्या तोंडातला शब्द काढून घ्यायचा आणि आपणच बोलून मोकळं व्हायचं. तिच्या शिवणकामाच्या दुकानात ही खोड खपून जाई, कारण आपल्याला काय शोभतं हे गिऱ्हाइकाला बहुधा ठाऊक नसतंच. पण धाकटीचा उजवा स्तन कॅन्सरमुळे काढायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरबाईंसमोरही ती तशीच बोलली.

डॉक्टरबाईंनी नीट समजावलं होतं. त्याच ऑपरेशनमध्ये इम्प्लांट बसवता येईल; पण पुढे रेडिएशन द्यायचं आहे, आणि त्यामुळे इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करतं ते आवळून कडक होण्याचा धोका बराच वाढतो. हवं तर थांबा, सगळे उपचार संपल्यावर बघू. धाकटी विचारात पडली. तिने तोंड उघडायच्या आत थोरलीने एक घाव दोन तुकडे केले. "एकदाच उरकून टाका. पुन्हा पुन्हा कशाला कापाकापी?" धाकटीने मान हलवली. लहानपणापासून ती अशीच मान हलवत आली होती.

केमोथेरपी, रेडिएशन सगळं संपलं, डोक्यावर केस परत आले, धाकटी शाळेत शिकवायला जाऊ लागली. थोरलीने कौतुकाने तिच्यासाठी नवे ड्रेस शिवायला घेतले. माप घेताना टेप उजवीकडे आला आणि तिने तेच माप पुन्हा घेतलं. ती बाजू वर सरकली होती, आणि कापडावरूनही हाताला कच्च्या पेरूसारखी कडक लागत होती.

हे काय आहे ते तिला लगेच कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे ‘एकदाच उरका’ कोण म्हणालं होतं, तेही निघणार. मग बाईने आपली कला पणाला लावली. उजवीकडची शिवण उसवून आत दुमडून ठेवलेलं जादा कापड, ती सगळी माया सैल केली, छातीवरचे टक्स वर घेतले, डावीकडे अस्तराखाली स्पंजची चकती बसवली. आरशात दोन्ही बाजू जुळ्या दिसू लागल्या. धाकटी कितीतरी वेळ वळून वळून बघत हसत होती. पोरीला निदान आनंद तरी दिला, अशी थोरलीने मनाची समजूत घातली.

पुढे ड्रेसागणिक चकती जाड होत गेली. खाई त्याला खवखवे. धाकटी दुकानात शिरली की थोरलीचे हात उगाच कात्री शोधू लागत. एकदा धाकटी म्हणाली की फळ्यावर वरच्या बाजूला लिहिताना ओढ बसते, हल्ली ती खालच्या अर्ध्या फळ्यावरच लिहिते आणि मागच्या बाकावरची मुलं कुरकुरतात. त्यावर थोरली म्हणाली, "कपडे कसे छान बसतायत बघ. आतलंही बसेल." या वाक्याची तिला इतकी लाज वाटली की त्या दिवशी तिने दुकान लवकर बंद केलं.

शेवटी दुखणं सोसवेना, तेव्हा दोघी दवाखान्यात गेल्या. बाहेरच्या बाकावर धाकटी स्वतःलाच कोसत होती. डॉक्टरांनी बजावूनही ऑपरेशननंतर ती शाळेच्या गच्चीवर चोरून सिगरेट ओढायची. त्यानंच हे झालं असणार, सगळं माझंच चुकलं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. थोरली ऐकून घेत राहिली. खोटं कशाला बोला, क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं. दोष आयताच दुसरीच्या पदरात पडत होता. मग तिला स्वतःचीच किळस आली.

"सिगरेटचं मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण पहिला ड्रेस शिवला तेव्हाच मला कळलं होतं. मी डावीकडे स्पंज लावला. प्रत्येक ड्रेसला. तुला दिसू नये म्हणून."

आता आदळआपट होईल, रडारड होईल आणि मग नेहमीसारखं ‘जाऊ दे गं, ताई’ येईल, असं तिला वाटलं. धाकटीने नुसतं डावीकडचं अस्तर बोटांनी चाचपलं. चकती सापडली.

"आंघोळ करताना मी खाली बघतच नाही," ती हळूच म्हणाली. "दुखायचं, कडक लागायचं, पण वाटायचं, आपल्या मनाचे खेळ असतील. कपडे घातले की आरशात बघायचे आणि म्हणायचे, मी बरी होतेय. तेवढ्यावरच उभी होते, ताई. तेही तूच शिवलं होतंस."

नर्सने नंबर पुकारला. सवयीने थोरली पर्स घेऊन उठली.

"तू इथंच बस," धाकटी म्हणाली.

दार पुरतं लागलं नव्हतं. आतून डॉक्टरबाईंचा आवाज येत होता. मुख्य कारण रेडिएशन, सिगरेटने थोडी भर घातली असेल. आवळलेलं आवरण काढता येईल, पण आधी आला असतात तर इतके महिने सोसावं लागलं नसतं. मग त्यांनी विचारलं की इम्प्लांट बदलून दुसरं बसवायचं, की काढूनच टाकायचं?

थोरलीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. तिने तोंडावर हात दाबून धरला. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, पावलं दाराशी आली, आणि धाकटीने आतून दार लावून घेतलं.