रेमीनं धरलेला हात

मी चित्रकाराची बाहुली बोलतेय. माणसाएवढी उंच, लाकडाची, सांध्यासांध्यांत वळणारी. पॅरिसमध्ये मुस्यू व्होसेल यांच्या चित्रशाळेत मी बायकांचे झगे घालून बसायचे. जिवंत बाई अवघडते, शिंकते, झग्याच्या चुण्या विस्कटते. माझं तसं काही नसे.

त्या वर्षी एका सरदारणीच्या दालनासाठी चित्र चाललं होतं. बागेत प्रेयसी बसलीय आणि प्रियकर गुडघे टेकून तिचा हात ओठांशी नेतोय. चेहरा ओदीलचा. ती हातमोज्यांच्या दुकानात कामाला होती, सकाळी येऊन बसायची. दुपारी तोच गुलाबी झगा माझ्या अंगावर चढवत आणि छापखान्यातला रेमी माझ्यापुढे गुडघे टेकायचा. झग्यात तिची ऊब उरत असेल, मला जाणवली नाही.

दोघांना एकत्र बसवायला मुस्यू तयार नव्हते. "तरणी पोरं बडबडत बसतात. मग चित्र काय माझ्या आजोबांनी काढायचं?"

त्यामुळे ती दोघं फक्त जिन्यात भेटत. तो टोपी काढायचा, ती हसायची. पुढे त्याची जीभच रेटत नसे.

मुस्यू कॉफी प्यायला गेले की मात्र तो माझा हात धरून बोलायचा. "ओदील, तुझ्या मावशीनं रुआँचा तो विधुर व्यापारी ठरवलाय म्हणे. जाऊ नकोस. माझ्याकडे फारसं काही नाही. पण जाऊ नकोस."

मी ऐकून घ्यायचे.

चित्र पुरं झालं तेव्हा ओदील बघायला आली. चित्राच्या अगदी जवळ गेली. मग म्हणाली, "हा असा बघतोय, तो माझ्याकडे?"

मुस्यू हसले. "तुझ्याकडे कसा बघेल, पोरी? तू होतीस कुठे? त्या ठोकळ्याकडे बघतोय."

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं विचारलं," एवढंच म्हणाली. त्याच आठवड्यात ती रुआँला गेली.

हे कळल्यावर रेमी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. या वेळी त्यानं माझा हात धरला नाही.

आता मी माळ्यावर पडून आहे. बोटं किडीनं खाल्लीत, दुखत नाहीत. सरदारणीचे पाहुणे त्या चित्राखाली बसून लाडिक गप्पा मारतात, त्यातलं प्रेम किती खरं वाटतं म्हणतात. खरंच होतं ते. जिला सांगायचं तिला तेवढं कुणी सांगितलं नाही. मला राग येत नाही, मी लाकूड आहे. तुम्हाला तरी येऊ द्या. आणि जिच्याशी बोलायचंय तिच्याशीच बोला, आजच. माझ्याशी नको.