दोन पीळ आणि एक गाठ

मित्रांनो, हा जो तुमच्याशी बोलतो आहे तो एक जुना, काळा, उजव्या पायाचा बूट आहे. माझा डावा भाऊ इथेच शेजारी आहे, पण तो पहिल्यापासून अबोल. खरे तर इतर बुटांना नाडीखाली कातड्याची जीभ असते, ती आम्हा दोघांनाही नाही. तरी माझी बडबड काही थांबत नाही.

ओबन बंदरातल्या एका म्हाताऱ्या चांभाराने आम्हाला घडवले. नाकावर बारीक भोकांची नक्षी पाडली आणि लांबच लांब नाड्या ओवल्या. पूर्वी ओढ्यांतून चालणाऱ्यांचे बूट असेच असत, शिरलेले पाणी निघून जाऊन पाय लवकर वाळावा म्हणून जीभच ठेवत नसत, असे तो सांगे. आमच्या नशिबी मात्र किल्ट आला. चौकड्यांचा तो चुणीदार लोकरी घेर कमरेला गुंडाळला, गुडघ्यापर्यंत मोजे चढवले, की खाली आम्ही.

जवळच्या एका बेटावरच्या डुगलने आम्हाला स्वतःच्या लग्नासाठी घेतले. दुकानात चांदीच्या बकलांचे चकचकीत बूट होते, तरी त्याने बोट आमच्याकडेच दाखवले. तो फेरीबोटीवर दोर बांधण्याचे काम करी. ज्याला गाठ मारावी लागत नाही, ते पायताण त्याच्या मते बायकी. लग्नाच्या दिवशी आमचे कोरे तळवे गुळगुळीत होते. त्याची नवरी एफी देवळाच्या पायरीशी त्याच्यावर डाफरली, “आधी ते तळवे दगडावर घास बघू! नाहीतर नाचताना घसरून माझ्या आईच्या मांडीवर जाऊन बसशील.” डुगलने मुकाट्याने घासले. त्या दिवसापासून आम्ही कधी घसरलो नाही.

आम्हाला बांधायची एक रीत आहे. नाडी पुढे आवळायची, तिला दोन पीळ द्यायचे, घोट्याच्या जरा वर मागून फिरवून आणायची आणि पुढे गाठ. डुगलची गाठ पहाटेपर्यंतच्या नाचातही सुटत नसे. लोक वाखाणत, आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

पुढे एफी गेली. डुगल आता आजोबा झाले, दोर ओढून ओढून त्यांची बोटे वाकडी झाली. आम्ही पलंगाखालच्या खोक्यात जाऊन पडलो. कातडे कोरडे पडले. खोटे कशाला बोलू, मला फार वाईट वाटे.

मग नातीचे, मॉरवेनचे लग्न ठरले. नवरीला हाताला धरून देवळात नेणारे वडील तिला नव्हते. देवळात आजोबांचा हात धरून चालायचे, हे तिने लहानपणीच ठरवून टाकले होते. आजोबांनी दार लावून घेतले, आम्हाला बाहेर काढले आणि नाडी आवळू लागले. बोटांतून ती निसटायची. शेवटी त्यांनी तिचे टोक दातांत धरून ओढून पाहिले. पीळ काही बसला नाही. त्यांनी मला हळूच खाली ठेवले.

संध्याकाळी ते आपल्या मुलीला, म्हणजे मॉरवेनच्या आईला, शीनाला म्हणाले, “मी आपले साधे काळे बूट घालीन.”

“किल्टवर? मातीला जाताना घालता ते? अहो बाबा, गेल्या वर्षी गावातल्या त्या कॅलमने घातले, तर गावभर तुम्हीच हसत होतात!”

“मग पॅन्ट घालतो आणि मागच्या बाकावर बसतो. मॉरवेनला दुसऱ्या कुणाचा तरी हात धरू दे.”

शीना चिडली. “म्हातारपणी हा काय हट्ट!”  मॉरवेनने मला उचलले, नाडीचे चावलेले टोक बोटांत घेऊन पाहिले, आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

लग्नाच्या सकाळी नवरदेवच दारात उभा! ग्लासगोचा रुअरी. शीनाने धावत जाऊन जिन्याचे दार लावले, कारण वर नवरी नटत होती आणि लग्नाआधी तिचे तोंड पाहणे अशुभ.

“आजोबा, वाचवा!” तो म्हणाला. त्याच्याही पायांत आमच्यासारखेच बूट होते, आणि नाड्या त्याने फुलीफुलीने थेट गुडघ्यापर्यंत चढवल्या होत्या.

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. “अरे गाढवा, बूट घातलेस की स्वतःला बांधून ठेवलेस? ग्लासगोत काय अनवाणी फिरता?”

“आम्हाला कोण शिकवणार? माझ्या स्वतःच्या पायावर मला धड दिसत नाही. तुमच्या पायावर बांधून बघू?”

 आजोबांनी आम्हाला पायांत चढवले आणि खुर्चीत बसून पाय पुढे केला. “पिळ. आणखी एक. आता मागून फिरव. वर नको रे, मी काय नाचणारी पोरगी आहे? हां, आता गाठ.” रुअरी दोनदा चुकला, दोनदा शिव्या खाल्ल्या, आणि आम्ही दोघे भाऊ घट्ट बांधले गेलो. आजोबा उठले, टाच आपटून पाहिली आणि ओरडले, “शीना, माझा किल्ट कुठे आहे?”

मॉरवेन आजोबांच्या हाताला धरून देवळात चालली. माझ्या आयुष्यात इतके सावकाश आणि इतके ताठ मी कधी चाललो नव्हतो.

नंतर सभागृहात नाच रंगला. फेर मोडला तेव्हा रुअरीची नाडी सुटली. तो मामाशी गप्पा मारता मारता खाली वाकला, आणि बुटाकडे न बघता दोन पीळ, एक फेरा, एक गाठ! डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो उभाही राहिला.

आजोबांनी ते पाहिले. मॉरवेनकडे पाहिले, तर ती घाईघाईने छताकडे बघू लागली.

“काय रे चोरा,” आजोबा म्हणाले, “सकाळी तर गुडघ्यापर्यंत गेला होतास!”

रुअरीचे कान लाल झाले. “शिकवणारा चांगला होता, आजोबा.”

आजोबांनी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला आणि त्याला ओढत फेरात नेले.

मित्रांनो, आम्हाला अधूनमधून तेल लावा, ओले झालो तर विस्तवाजवळ ठेवू नका, एवढेच माझे मागणे. आणि घरातले एखादे वाकडे बोट गाठीशी झगडताना दिसले, तर लगेच हात पुढे करू नका. आधी म्हणा, “मला शिकवता का?”